पेठेच्या पुनरुज्जीवनाविषयी मित्रास पत्र

मुंबई,
आषाढ शुद्ध द्वितीया

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र चार दिवसांपूर्वी पोहोचले. आपल्या पेठेच्या पुनरुज्जीवनासाठी नेमलेल्या समितीवर व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून तुला घेतले, हे वाचून फार आनंद झाला. मात्र सोबतचा आराखडा पाहून तितकीच काळजीही वाटली. सर्व दुकानांना एकच रंग द्यायचा, रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे, जुन्या घाटाचे दिव्यांचे खांब रोवायचे आणि फेरीवाल्यांना हलवायचे, एवढ्याने पेठ पुन्हा उभी राहील असे त्यात गृहीत धरलेले दिसते. तू माझे मत विचारलेस. मी वास्तुतज्ज्ञ नाही, पण 31 वर्षे फोर्टमध्ये नोकरी केली आणि दादाभाई नौरोजी मार्गावरून रोज दोनदा पायी गेलो, म्हणून त्याच रस्त्याविषयी लिहितो.

आपल्या वडिलांच्या पिढीने त्याला शेवटपर्यंत हॉर्नबी रोडच म्हटले. हॉर्नबी हा 1771 ते 1784 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. पण आज दिसतो तो रस्ता त्याच्यानंतर जवळजवळ शतकाने घडला. 1860 च्या दशकात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, कोटाची तटबंदी पाडली गेली, चर्चगेट ही वेस होती त्या परिसरात 1864 साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले, आणि क्रॉफर्ड मार्केटपासून बोरीबंदरवरून (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) फाउंटनला जाणाऱ्या या वाटेवर पुढच्या काही दशकांत एकापाठोपाठ एक भव्य इमारती उभ्या राहिल्या. फ्रेडरिक स्टीव्हन्सने रचलेले बोरीबंदर स्थानक 1888 मध्ये आणि त्याच्यासमोरची महापालिकेची इमारत 1893 मध्ये पूर्ण झाली.

तुझ्या कामाची गोष्ट 1896 सालची आहे. मुंबईत प्लेग शिरला त्याच वर्षी या रस्त्यासाठी असा नियम झाला की, रस्त्यालगत बांधणाऱ्या प्रत्येकाने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींखालचा सलग पदपथ ठेवलाच पाहिजे. वरच्या मजल्यांवर प्रत्येक मालकाची आवड आणि ऐपत दिसते. कुठे गॉथिक टोकदार कमानी आहेत, कुठे युरोपीय अभिजात धाटणीचे खांब आहेत, कुठे भारतीय वळणाचे घुमट आणि छज्जे आहेत, आणि तरीही खालून चालणाऱ्याला हा सारा एकच रस्ता वाटतो. तो तसा वाटतो तो रंगामुळे नव्हे, तर डोक्यावरच्या त्या सावलीमुळे. जुलैच्या धो धो पावसात मी बोरीबंदरहून निघून, चौक ओलांडण्यापुरतीच छत्री उघडत, कोरड्या कपड्यांनी कार्यालयात पोहोचलो आहे, आणि मेच्या उन्हात त्याच कमानींखाली दुकानांच्या काचांसमोर रेंगाळलो आहे. रेंगाळणारा माणूसच गिऱ्हाईक होतो, हे तुझ्यासारख्या दुकानदाराला मी काय सांगावे?

मग या रस्त्याला उतरती कळा का लागली? 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली, मालकांना दुरुस्ती परवडेना, आणि पुढे मोठी कार्यालये आधी नरिमन पॉइंटला व नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा कमानी जवळजवळ दिसतच नव्हत्या. एका दुकानाने पाच फुटांची पाटी लावली की शेजारी आठ फुटांची लावी. पाट्यांच्या लोखंडी कैच्या थेट दगडात ठोकलेल्या असत, त्या गंजत आणि त्यांचे लाल ओघळ मालाडच्या पिवळसर दगडावरून खाली येत. खिडक्यांत वातानुकूलन यंत्रांचे खोके असत आणि कोरीव खांबांना वायरींचे भेंडोळे गुंडाळलेले असे.

1995 मध्ये मुंबईसाठी वारसा-नियमावली आली. त्यानंतर काही वर्षांनी वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या साहाय्याने या रस्त्याचा अभ्यास केला आणि पाट्या, दिवे, बाकडी, पदपथ यांच्यासाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. मला त्या कामात सर्वांत मोलाची वाटली ती दुकानादुकानांत जाऊन केलेली बोलणी. पाटी काढा असे कुणी दरडावले नाही. पाटी कमानीच्या आत बसवा, कमानीचा माथा आणि खांबाचे शिर झाकू नका, एवढेच मागणे होते. पुढे युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतही या प्रकल्पाची दखल घेतली गेली. मी ज्या दुकानातून शाईची दौत घेत असे, त्याची मोठी पाटी उतरल्यावर मागे वेलबुट्टी कोरलेला दगड निघाला. इतकी वर्षे मी त्याच्याखालून गेलो होतो; त्या दिवशी तिथे उभे राहून मी तो डोळे भरून पाहिला.

म्हणून समितीत पाट्यांचा विषय तू पहिल्यांदा काढ. त्याला खर्च सर्वांत कमी लागतो आणि फरक एका आठवड्यात दिसतो. एकच रंग देण्याला मात्र ठाम विरोध कर, कारण आपल्या पेठेत काळ्या दगडाची जोती आहेत, विटांच्या भिंती आहेत, सागवानी तुळया आहेत, आणि त्यांवर रंग फासला तर जे जपायचे तेच झाकले जाईल.

फेरीवाल्यांविषयी माझे मत तुला कदाचित पटणार नाही. दादाभाई नौरोजी मार्गावरही कमानींखाली चालायला जागा उरत नाही अशी तक्रार कायम असते, आणि ती मी स्वतःही केली आहे. परंतु 2014 च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांतले असावे लागतात. तुमच्या आराखड्यात सर्वेक्षणाचा उल्लेखही नाही. शिवाय संध्याकाळी पेठेत माणसे येतात ती गजऱ्यांसाठी आणि भाजीसाठी. फेरीवाल्यांना हलवले तर तुमच्या दुकानांपुढून जाणार कोण? चालण्याची पट्टी मोकळी ठेवून त्यांच्या जागा आखून द्या, एवढा आग्रह धर.

आणखी एक गोष्ट वरच्या मजल्यांची. या रस्त्यावर व्हाइटअवे लेडलॉ या इंग्रज कंपनीच्या भव्य दुकानाच्या इमारतीत पुढे खादीची विक्री सुरू झाली. साहेबांच्या कपड्यांच्या दुकानात चरख्याचे सूत विकले गेले, आणि तेही ज्यांनी हिंदुस्थानच्या संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो हे दाखवून दिले त्या दादाभाईंच्या नावाच्या रस्त्यावर! मला त्याचे अजून अप्रूप वाटते. वास्तूत नवा वापर आला की ती टिकते. आपल्या पेठेतल्या वाड्यांचे वरचे मजले कुलूपबंद आहेत, आणि आराखड्यात त्यांच्याविषयी एक ओळही नाही. तिथे अभ्यासिका, शिवणवर्ग किंवा वकिलांची कार्यालये आली तर खालचा धंदा आपोआप वाढेल.

आता प्रत्यक्ष काम. एका रविवारी सकाळी, दुकाने उघडण्याआधी, पट्टी घेऊन पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दुकानाचा ओटा आणि पुढे आलेला छज्जा मोज, आणि सावली कुठे तुटते ते कागदावर मांड. पुढच्या महिन्यात तू इकडे ये. आता भुयारी मेट्रोने थेट फाउंटनजवळ, हुतात्मा चौकात उतरता येते. दादाभाईंच्या पुतळ्यापासून निघून आपण क्रॉफर्ड मार्केटपर्यंत तो कागद हातात धरून चालू.

आणि एक मागणे आहे, रागावू नकोस. तुमच्या दुकानावरच्या मोबाइल कंपनीच्या फ्लेक्समागे काकांनी करवून घेतलेली सागवानी पाटी अजून असावी. लहानपणी दिवाळीत आपण दोघांनी तिला तेलपाणी केल्याचे मला आठवते. समितीच्या बैठकीआधी तो फ्लेक्स उतरव आणि पाटीचा फोटो मला पाठव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित