वैशू, क्रीमचं नाव सांगणार नाही

भुसावळ
रविवार दुपार, लाइट गेलीये

प्रिय वैशू,

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले, निळ्या टिक्स पण दिसल्या असतील, आणि तू म्हणत असशील की ही बया वाचून गप्प बसली. गप्प नाही बसले वं. तीनदा व्हॉइस नोट सुरू केली आणि तीनदा डिलीट केली, कारण बोलायला लागले की घसा भरून येतो, मग तू घाबरून फोन लावशील आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे दहावीपासूनचं आहे. म्हणून टाइप करतेय. लांब होईल, चहा घेऊन बस.

तू लिहिलंस, "मने, बंटीच्या लग्नाच्या फोटोत काय दिसतेस गं, काय लावतेस ते नाव पाठव, रुजूला आणते, कॉलेज सुरू व्हायच्या आत जरा उजळेल."

पहिली गोष्ट, बंटीने अल्बम आत्ता टाकला पण लग्न गेल्या नाही, त्याच्या आधीच्या डिसेंबरातलं आहे. दुसरी गोष्ट, तो चेहरा आता नाहीये. आणि तिसरी, जी सांगायला आठ दिवस लागले, मागच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू अमळनेरला आलीस आणि मी ट्रेनिंग आहे म्हणून आले नाही ना, ट्रेनिंग-बिनिंग काही नव्हतं. मी घरात दार लावून बसले होते, तोंडावर ओला रुमाल टाकून.

पहिल्यापासून सांगते. धाकट्याच्या वेळेस माझ्या दोन्ही गालांवर वांग आले, ते काळसर डाग. डिलिव्हरीनंतर जातील म्हणाले सगळे, काहींचे जातातही, माझे राहिले. त्यात शाळा तापीच्या पलीकडे, रोज स्कूटी, दोन्ही बाजूला केळीच्या बागा पण रस्त्यावर सावलीचं नाव नाही, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. स्कार्फ बांधायचे, डोळे तेवढे उघडे, वाटायचं झालं की सगळं झाकलं. स्टाफरूममध्ये एक सर गमतीने म्हणाले, मॅडम, भरताची वांगी आपल्या जिल्ह्याची फेमस, तुम्ही तर गालावरच पीक घेतलं. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा मात्र नाही हसता आलं.

तुला आपल्या लग्नाच्या वेळचे बायोडाटे आठवतात का. माझ्या काकांनी वर्णासमोर "निमगोरी" लिहिलं होतं आणि आजी म्हणाली होती, निम कुठं शे ते बी दाखाडजो. तुझ्यात "गव्हाळ" होतं. काळी असं कुणीच कधी लिहिलं नाही, जणू अख्ख्या खान्देशात काळी मुलगीच जन्मली नाही. ती फेअर अँड लव्हलीची ट्यूब १९७५ ला आली म्हणतात, म्हणजे आपण जन्मायच्या आधी, २०२० मध्ये तिच्या नावातलं फेअर काढून ग्लो केलं पण आमच्या किराणावाल्याकडे अजून जुन्याच नावाने मागतात आणि तोही बरोबर तीच देतो.

तर पार्लर. कोणतं ते विचारू नकोस, तिथली बाई वाईट नाहीये, तिलाही कुणीतरी वरून आणूनच दिलं असणार. आयब्रो करताना म्हणाली, ताई एक नाइट क्रीम आहे, वांगावर एकदम भारी. छोटी पांढरी डबी, वर नाव नाही, आत काय आहे लिहिलेलं नाही, कंपनी नाही, तारीख नाही. साडेतीनशे रुपये. वैशू, मी शाळेत पोरांना शिकवते की बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय खायचं नाही! आणि मी ती डबी पर्समध्ये टाकली.

आणि खरं सांगू? आठ दिवसांत कमाल झाली. वांग फिके, चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. लग्नात तो फोटो काढला तेव्हा मामी मला दोनदा ओलांडून गेली, ओळखलंच नाही. मी किती खुश होते ते तुला फोटोत दिसलंच असेल, त्या खुशीचीच तू तारीफ केलीस बहुतेक. दोन डब्या झाल्या, तीन झाल्या. मग चार दिवस गावी गेले, डबी घरी विसरली, आणि तिसऱ्या दिवशी तोंड पेटलं. पेटलं म्हणजे अक्षरशः, गॅससमोर उभं राहवेना, भाकरी टाकताना वाफ आली की डोळ्यांतून पाणी. लालभडक, बारीक पुरळ, गालावर लाल रेषा दिसायला लागल्या सुतासारख्या, आणि हे लिहायला लाज वाटते पण गालावर लव वाढली. घरी येऊन परत डबी लावली की दोन दिवसांत शांत. म्हणजे लावलं तर बरं, सोडलं की आग. तंबाखूवाल्यासारखं झालं माझं. शाळेत तिसरीतला एक पोरगा काळजीने म्हणाला, मॅडम तुम्हाला मधमाशी चावली का? आमच्या यांना मात्र दीड महिना काही कळलं नाही, यांना सिलिंडर संपत आलाय हे हलवून कळतं, बायकोचा चेहरा नाही.

शेवटी जळगावला स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, आईला घेऊन, कारण तिलाही दाखवायचं होतं. डॉक्टरांनी माझा चेहरा बघितला आणि मी बोलायच्या आधीच विचारलं, "क्रीम बंद केली की आग होते ना? डबीवर नाव नाही ना?" मी तिथेच रडले. म्हणाल्या हे स्टिरॉइडचं काम दिसतंय. एक्झिमासारख्या आजारात डॉक्टर स्टिरॉइडचं मलम देतात, पण मोजून, थोडे दिवस. एक तिहेरी क्रीम असते, स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र, ती वांगावर खरंच चालते पण डॉक्टरच्या नजरेखाली, काही आठवडे. लोक ती गोरं व्हायची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतात. कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसतात, केस येतात, आणि सोडलं की भडका. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडच्या कितीतरी क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत, तरी मिळतात. आणि बिननावाच्या डबीत आणखी काय असेल देव जाणे, गोरेपणाच्या क्रीममध्ये पारासुद्धा सापडलाय, केरळात मलप्पुरमकडे असल्या क्रीम लावणाऱ्यांच्या किडनीला त्रास झाल्याच्या केसेस २०२३ मध्ये बातम्यांत आल्या होत्या. इथे बाहेरचा पारा कमी पडला म्हणून आम्ही पैसे देऊन डबीतला आणायचा.

आता आईचं ऐक. तिच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडलाय, टिकली काढली की दिसतो, म्हणून ती टिकली कधी काढायचीच नाही, झोपतानाही. डॉक्टर म्हणाल्या, आजी, हा टिकलीच्या गमाचाच डाग आहे, काही गमांत पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं केमिकल असतं, ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशीच मारतं. (मी ते नाव पाठ केलंय, सतराच्या पाढ्यासारखं.) म्हणजे बघ, एका बाकावर आम्ही मायलेकी बसलेल्या, एकीला पांढरं नको म्हणून आलेली आणि एकीने पांढरं व्हायला तोंड जाळून घेतलेलं. आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि काय झालं माहीत नाही पण दोघी हसायलाच लागलो, डॉक्टर बिचाऱ्या थांबल्या. आई आता परत मेण आणि कुंकू लावते. डाग तसाच आहे अजून.

मला बरं व्हायला आठ महिने गेले. एकदम बंद नाही करायची, डॉक्टर सांगतील तशी उतरवत आणायची. त्या काळात आखाजी आली. तुमचा झोक्याचा व्हिडिओ आला, त्यात तू कॅमेऱ्यात "मनी कुठे मेली" म्हणालीस, तो मी त्या दिवशी पाच वेळा बघितला.

झोक्यावरून आठवलं, आपला लिंबू! आठवतंय का, नववीत, आखाजीच्या आदल्या दिवशी मी आणि तू लिंबू-साखर चोळून दुपारी कडुनिंबाच्या झोक्यावर बसलो होतो, आजी ओट्यावरून ओरडली होती, "काय करी राहिनी व माय, तोंड शे का तवा?" आणि तुझ्या हनुवटीवर तो लांबट काळा ओघळ उमटला होता, दिवाळीपर्यंत गेला नाही. तो लिंबानेच झाला होता. लिंबाच्या रसात अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते आणि डाग महिनोन्महिने राहतो. मला तेव्हा काही झालं नाही म्हणून तू चिडली होतीस, बहुतेक मी झोक्यावर सावलीच्या बाजूला बसले असेन. तर रुजूला लिंबू पण नको.

मग काय लावतेस, तर सांगते, फार काही नाही. सकाळी साधा फेसवॉश, साबण नाही. मॉइश्चरायझर. मग सनस्क्रीन, आणि हे मी चुकीचं लावायचे, वाटाण्याएवढं. दोन बोटांवर पूर्ण पट्टी काढायची तेवढं लागतं, चेहरा आणि मानेला. एसपीएफ ३० चं असलं तरी चालतं, ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले भाजणारे किरण, अडवतं आणि ५० सुमारे ९८, लोक आकड्यावर भांडतात पण लावतात कंजूषी करून. दर दोन तासांनी परत लावायचं म्हणतात, मला ते जमत नाही, मी मधल्या सुट्टीत एकदा लावते आणि शाळा सुटल्यावर निघताना एकदा. एसटीच्या काचेतूनही यूव्हीए, म्हणजे उन्हातले दुसरे किरण, येतं, त्यामुळे खिडकीजवळ बसलो आणि काच लावली म्हणजे झालं असं नाही. वांगवालीला मात्र टिंटेड घ्यायचं, रंगाचं, कारण वांग साध्या उजेडानेही गडद होतात आणि तो उजेड अडवायला त्यात आयर्न ऑक्साइड असतं. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे आपला कुंड्यांना लावायचा गेरूच ना? त्या म्हणाल्या, जात तीच, पण कुंडीचा लावू नका. स्कार्फ आहेच. रात्री एक औषध दिलंय, त्याचं नाव लिहीत नाही कारण तू उद्या मेडिकलमधून आणशील, मी तुला ओळखते.

वांग पूर्ण गेले नाहीत. साठ टक्के म्हणू. उन्हाळ्यात वर येतात, थंडीत बसतात, चिवट पाहुण्यासारखे.

मेकअपचं म्हणशील तर डिसेंबरात जळगावला फुले मार्केटमध्ये कॉम्पॅक्ट घ्यायला गेले होते, दुकानातल्या पोरीने न विचारता दोन शेड उजळ काढली. लावून बघितली तर राखेत तोंड घातल्यासारखं, मान वेगळी चेहरा वेगळा. पूर्वी तीच घेतली असती. या वेळेस म्हटलं माझी दाखव. माझी शेड खालच्या ड्रॉवरमध्ये निघाली, झाकणावर धूळ. जबड्याच्या कडेला लावून दुकानाच्या बाहेर उजेडात जाऊन बघितली, तिथे लागली तर दिसेचना, इतकी मिसळली. घेतली. बाकी लग्नात फाउंडेशनच्या नादाला लागत नाही, आपल्याकडे मंगलाष्टकं संपेपर्यंत ते गळ्यात उतरतं. काजळ आणि मरून लिपस्टिक, बस. मरून मी कधी लावायचे नाही, काळ्या मुलींनी गडद लावू नये म्हणून आपल्याला कुणी सांगितलं होतं गं? मला आठवतच नाही, पण तीस वर्षं पाळलं.

परवा स्नेहसंमेलनाला मोरपंखी साडी आणि ते मरून लावून गेले. मधमाशीवाला पोरगा आता चौथीत आहे, बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, मॅडम तुम्ही आज मॅडमसारख्या दिसत नाही. मी विचारलं मग कशासारखी, तर पळून गेला. दिवसभर मी स्कूटीच्या आरशात बघतेय, एकदा तर ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

रुजूला काय सांगायचं ते तू बघ, तुझी पोरगी आहे. तिने मागितलंय का उजळणं, की तुलाच वाटतंय, हे मात्र विचार एकदा. ती आजीवर गेलीये, तेच नाक, तोच रंग, आणि आजीच्या हनुवटीवर ते गोंदणाचे तीन ठिपके होते ना, ते सोडलं तर बरोबर तीच. पिंपल्स असतील तर डॉक्टरला दाखव, सनस्क्रीन आण, बाकी पैसे तिला दे, ती आइस्क्रीम खाईल.

सोबत फोटो पाठवतेय, स्नेहसंमेलनाचा, फिल्टर नाही. वांग दिसतात, झूम करू नकोस. मागच्या वर्षीचं खोटं बोलले त्याबद्दल तू मला भेटल्यावर काय मारायचं ते मार. यंदा आखाजीला मी येणारच आहे, झोका त्याच कडुनिंबाला बांधायला भावाला सांगितलंय, आणि सावलीची बाजू माझी.

तुझी,
मनी

ता. क. लाइट आली. आई वरून विचारतेय बिबडे, ज्वारीचे पापड, किती पाठवू, गच्चीवर वाळत घातलेत, पहाटे चारला उठून केले. मी पाच डझन सांगितलेत, कमी पडले तर आत्ताच बोल.