चार प्रती बांधायला आले होते, चाचा

आदरणीय चाचा,

सलाम. ओळखलंत का? सिटी चौकाजवळच्या तुमच्या दुकानात एम.ए.च्या डिझर्टेशनच्या चार प्रती बांधायला आणलेली सेलूची पोरगी. तुमचं नाव विचारायचं राहिलंच, म्हणून पत्र असं उघडंच लिहितेय. नातीकडून वाचून घ्या.

माझा विषय होता केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो. शाळेत गिकुयू, म्हणजे आपली मातृभाषा, बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी अडकवायचे, हे त्यांनी लिहून ठेवलंय. 1977 साली गिकुयूत नाटक केलं म्हणून अटक झाली, तर तुरुंगात टॉयलेट पेपरवर त्याच भाषेत कादंबरी लिहिली. हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले, निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. मग काय, शेवटच्या प्रकरणात मी सरळ मांडून टाकलं: केनियात इंग्रजी लादली, तशी मराठवाड्यात उर्दू. गाईडनंही 'छान' म्हणून सही केली.

परिशिष्टात आजोबांचा शाळेचा दाखला लावला होता. घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता, मलाही नाही. (परकी भाषा म्हणून पंचवीस पानं लिहिली होती, हे विशेष.) तुम्ही सुई बाजूला ठेवली, खळीचे हात पायजम्याला पुसले, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि उजवीकडून डावीकडं बोट सरकवत वाचायला लागलात. तो दाखला नव्हताच. हाली रुपयांत, म्हणजे निजामाच्या चलनात, कापूस विकल्याचा हिशोब होता, आजोबांच्या हातचा. "लिखावट भोत साफ है," म्हणालात.

घरचा हिशोब! तो काही कुणी जबरदस्तीनं लिहून घेतला नव्हता. मनाची गुलामी म्हणतात ती हीच, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मेरे अब्बा भी येच बाइंडिंग करते थे. सरकार निजाम की थी बेटा, हमारी नै." रझाकारांच्या गोष्टी मी आजीकडून लहानपणापासून ऐकलेल्या. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरल्यानंतर, तुमचे अब्बा सप्टेंबर आला की गप्प बसायचे, हे तुमच्याकडूनच कळलं. आणि नात इंग्लिश मीडियमला, तिला उर्दूचं अलिफ-बे येत नाही, हे तुम्ही दोरा ओवता ओवता, जणू काहीच नाही असं सांगितलंत.

मी प्रती परत नेल्या. प्रकरण नव्यानं लिहिलं. आपल्याकडं इंग्रज थेट नव्हता. निजाम होता, आणि निजामाच्या डोक्यावर इंग्रजांचा माणूस, हैदराबादचा रेसिडेंट. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपलं, तेव्हा कालची दरबारी भाषा एका बाइंडरच्या घरात उरली. सत्ता निघून गेली तरी तिचा शिक्का भाषेवर राहतो, आणि तो शिक्का भलत्याच माणसाला वागवावा लागतो, एवढंच शेवटी मांडलं. गाईड वैतागले, तारीख हुकली. व्हायवात मात्र सगळे प्रश्न त्याच प्रकरणावर आले.

वाचून दाखवल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. बांधणीचे मात्र चोख मोजून घेतलेत, ते बरं केलंत.

आता मी अलिफ-बे गिरवायला लागलेय. हिशोबाचा कागद अडखळत का होईना लागतो. खालून दुसऱ्या ओळीतला एक शब्द तेवढा अडलाय. तुम्ही 'सरकी' वाचलंत, मला तो 'सरकार' दिसतो. दिवाळी झाली की कागद घेऊन येते.

तुमची,
सेलूची पोरगी