काढा घेता, तर डॉक्टरांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी सारसबागेबाहेर कारल्याच्या रसासाठी थांबलेल्यांत मधुमेही बरेच दिसतात. मंडईत जांभळाच्या बियांची पूड मिळते, बिबळा या झाडाच्या लाकडाचे पेले मिळतात. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेल्या मला या सगळ्याला थोतांड म्हणवत नाही. मेथीदाण्यातल्या चिकट तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. गुडमारचं, म्हणजे आपल्या बेडकीच्या पाल्याचं पान चघळलं तर साखर काही वेळ वाळूसारखी बेचव लागते. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीचा माग काढताना हाती लागली, पॅरिसच्या डॉ. ज्याँ स्टर्न यांनी तिचा मधुमेहींवरचा उपयोग १९५७ मध्ये जगापुढे मांडला.

पाल्यात गुण आहे, म्हणूनच तो गुपचूप घेऊ नये. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना वर उपाशीपोटी कारल्याचा रस घेतला, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात आणि घरचे म्हणतात, वयामुळे अशक्तपणा आला असेल. दुसरीकडे, एकदा उपाशीपोटीची साखर चांगली आली की काही जण गोळ्याच सोडून देतात. एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा? मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब एचबीए१सी तपासणीतच कळतो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती बिनलेबलच्या पुड्यांची. ‘जडीबुटी’ म्हणून विकलेल्या अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखं साखर उतरवणारं ॲलोपॅथीचं औषध मिसळलेलं वेगवेगळ्या देशांत तपासणीत आढळलं आहे. गुण पटकन येतो तो त्यामुळे, आणि मूत्रपिंड अधू असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी भिंतींवर ‘मुळापासून बरा’ दिसतंच. अन्न व औषध प्रशासनाने या पुड्यांचे नमुने उचलावेत.

डॉक्टरांनाही हात जोडून विनंती आहे. ‘सांगितलं तर ओरडतात हो,’ हे वाक्य मी काउंटरवर फार ऐकलं. केसपेपरवर चालू गोळ्यांच्या खाली एक ओळ वाढवा: काढा, रस, चूर्ण काय घेता, किती आणि कधी? पेशंट सांगेल तेव्हा न रागावता लिहून घ्या आणि गोळीचा डोस त्यानंतरच ठरवा.

– एक निवृत्त औषधविक्रेता,
सदाशिव पेठ, पुणे