मनू, टॉपिक ठरवायच्या आधी एवढं वाच

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की सरांना पुढच्या महिन्यात पीएचडीचा टॉपिक सांगायचाय आणि तुझ्या डोक्यात दोन आहेत, एक म्हणजे नेटवर आयते मिळणारे डोळ्याचे ओसीटी स्कॅन (उजेडाने आतले थर दाखवणारे) घेऊन डीप लर्निंगचं, म्हणजे कॉम्प्युटरला ढिगाने नमुने दाखवून शिकवायचं, मॉडेल करायचं आणि दुसरं ते बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं, काळ्यासावळ्या कातडीवर रीडिंग किती चुकतं ते मोजायचं. पहिल्यात पेपर पटापट होतात म्हणालीस. मी तेव्हा हं हं केलं कारण मला विचार करून बोलायचं होतं, म्हणून आता लिहितेय.

तू जे जर्नल दाखवलं होतंस ना, जर्नल ऑफ बायोमेडिकल ऑप्टिक्स, ते मी गेले आठ-दहा दिवस रोज रात्री जेवणं आवरली की वाचतेय. २०१९ पासून ते सगळ्यांना फुकट वाचता येतं हे फार चांगलं केलंय त्यांनी. गणितं मी सोडून देते, पण पेशंटवर काय केलं, किती पेशंट होते, कसे निवडले हे मला कळतं, एकतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी.

ते सुरू झालं १९९६ ला. सुरुवातीच्या अंकांमधे बराचसा प्रश्न एकच दिसतो, उजेड शरीरात शिरला की जातो कुठे. तुला आठवतं का, लाईट गेली की तू बॅटरीवर तळहात धरून बसायचीस, हात लालभडक दिसायचा आणि तू विचारायचीस आई हाडं का नाही दिसत. मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. आता वाचलं, निळा-हिरवा उजेड रक्त पिऊन टाकतं, लाल तेवढा पार होतो, पण तोही आत इतका इकडेतिकडे विखुरतो की हाडाची कड पुसून जाते. म्हणजे तुझ्या त्या प्रश्नावर माणसांनी आयुष्यं घालवलीत, हे वाचून मला किती बरं वाटलं सांगू!

मग पुढे ओसीटी. १९९१ ला बोस्टनकडच्या लोकांनी पहिला पेपर केला आणि आज आजीच्या डोळ्याला ते मशीन लावतात तेव्हा पडद्याचे थर वेगवेगळे दिसतात, सुई नाही काही नाही. मग ते फोटोअकूस्टिक, लेझरचा उजेड आत सोडायचा आणि बाहेर येणारा आवाज ऐकायचा. मग ऑपरेशनमधे गाठ चमकवायची, मेंदूच्या गाठीचा पेशंट आधी एक औषध पितो आणि निळ्या उजेडात गाठ गुलाबी दिसते, अमेरिकेत २०१७ ला परवानगी मिळाली त्याला. हे सगळं मी हावरटासारखं वाचलं. आणि अलीकडच्या अंकांत मात्र जिकडे बघावं तिकडे डीप लर्निंग, स्कॅन साफ करायला, गाठ ओळखायला, मोजमाप लवकर करायला. त्यातलं काही खरंच उपयोगाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण बऱ्याच ठिकाणी मला प्रश्न पडला की हे स्कॅन कोणाचे आहेत, कुठल्या देशातले, आणि आपल्याकडच्या माणसावर हेच चालेल हे कोणी बघितलंय का.

आता ऑक्सिमीटरचं बोलते, कारण ते माझ्या हातातलं आहे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्या वॉर्डात एक शेतमजूर होते, पन्नाशीचे, उन्हात काम करून रापलेले. मशीन ९४ दाखवत होतं आणि मला त्यांचा चेहरा बरा वाटत नव्हता, श्वास वाढलेला, बोलणं तुटक. मी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, पाठवली, ऑक्सिजन खूपच खाली निघाला. ते वाचले, पण मधले चार तास त्यांना जोरात सोडलेला हाय फ्लो ऑक्सिजन मिळायला हवा होता तो मिळाला नाही, कारण आकडा ९४ होता आणि बेड कमी होते आणि सगळं आकड्यावर चाललं होतं. मला तेव्हा वाटलं मशीनची बॅटरी गेली असेल. नंतर कळलं की डिसेंबर २०२० मधेच अमेरिकेत पेपर आला होता, मशीन ९२ ते ९६ दाखवतंय पण रक्तात खरं ८८ च्या खाली आहे असं गोऱ्या पेशंटमधे ३.६ टक्के आणि काळ्या पेशंटमधे ११.७ टक्के वेळा झालं. मनू, तिपटीहून जास्त.

आणि कारण समजून घेतलं तेव्हा मला रागच आला. मशीन दोन उजेड सोडतं, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा न दिसणारा, आणि नाडीबरोबर दोन्ही किती कमीजास्त होतात ते बघून रेशो काढतं. पण रेशोवरून ९४ हा आकडा कुठून येतो? तर आधी निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, धमनीतलं रक्त काढून, कोष्टक बनवलेलं असतं. म्हणजे त्या माणसांमधे रापलेले शेतमजूर नसतील तर कोष्टकात पण ते नाहीत. अमेरिकेचा २०१३ चा नियम होता की किमान १० माणसं घ्या, त्यात गडद कातडीची २ किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दोन माणसं! २०२५ च्या जानेवारीत त्यांनी नवीन मसुदा काढला त्यात किमान १५० माणसं म्हटलंय.

कातडीचा रंग मोजायचा कसा याच्यावर पण नीट विचार कर. तो सहा नंबरांचा फिट्झपॅट्रिक स्केल आहे ना, तो मुळात उन्हात कातडी भाजते की काळी पडते यासाठी केलेला. आपल्याकडे सगळ्यांना चार-पाच नंबरात टाकून मोकळे होतात, आणि आपल्याच घरात बघ, तुझे बाबा आणि तुझा मामा एका नंबरात कसे बसतील? तू रंग मशीननेच मोज, ते कातडीच्या रंगाचा आकडा काढतात, आयटीए का काय म्हणतात, तसं, आणि बोटावरच मोज, कपाळावर नको. आणि मेंदी, जाड झालेली कातडी, थंड पडलेली बोटं हे सगळं कागदावर लिहून घे, आम्ही मेंदीचं बोट आलं की दुसरं बोट बघायचो पण ते कुठे लिहिलेलं नसायचं.

दुसऱ्या टॉपिकला वेळ जाईल हे खरं आहे. एथिक्स कमिटीतच सहा महिने जातील. पण आता जर्नलं कोड मागतात, डेटा पण उघडा ठेवा म्हणतात, तर आपल्याकडच्या दोनशे-तीनशे पेशंटचं रीडिंग, त्याच वेळची एबीजी आणि मोजलेला रंग असं एकत्र कोणी ठेवलं तर ते दुसरे लोक वापरतील ना, तुझं डीप लर्निंगवालं मॉडेल पण त्यावरच करता येईल. मॉडेल कर, पण आधी मोज. फक्त सरांना आत्ताच विचारून ठेव, वाचणाऱ्याला फुकट म्हणजे लिहिणाऱ्याला फी असते, ती कुठून येणार. आणि जे जर्नलवाले मेल करून आठवड्यात छापतो म्हणतात त्यांच्या नादी लागू नकोस.

एक गोष्ट सांगायची राहिली. तू तीन दिवसांची असताना कावीळ झाली म्हणून तुला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून, आणि मी काचेबाहेर रडत बसले होते. तो उपचार सापडला कसा तर १९५६ च्या सुमाराला इंग्लंडमधे रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात न्यायच्या, त्यांनी बघितलं की ऊन लागलं तिथला पिवळेपणा गेलाय आणि चादरीखालचा तसाच आहे. १९५८ ला लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलमधे पेपर आला, त्यावर तीन नावं आहेत आणि त्यात सिस्टर वॉर्ड नाहीत. तुझ्या कामात ज्या सिस्टर रक्त काढतील, रात्री तीनला रीडिंग लिहून ठेवतील, त्यांची नावं तुझ्या पेपरात असली पाहिजेत, हे मला तुझ्याकडून हवंय.

आणि एबीजीचं रक्त मनगटातून काढतात ते फार दुखतं, नुसत्या अभ्यासासाठी कोणाला जास्तीचं टोचू नकोस, डॉक्टरांनी आधीच सांगितलेली असेल तेव्हाच रीडिंग घे. कन्सेंटचं, म्हणजे पेशंटच्या संमतीचं, मराठी पान तयार झालं की मला व्हॉट्सॲप कर, इंग्रजीवरून केलेलं पेशंटला ओ की ठो कळत नाही, मी शेजारच्या काकूंना वाचून दाखवते आणि जिथे अडतील तिथे खूण करून परत पाठवते.

तुझी
आई