काशिनेच्या बागेत जाऊन आलो

म्युनिक, १८ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण दोन्ही वेळेला ओमनं फोन हिसकावून घेतला आणि तुमच्या वाट्याला त्यानं खाल्लेल्या जेलातोची यादी तेवढी आली. म्हणून हे पत्र. बाबांना चष्म्याची कटकट नको म्हणून अक्षर मोठं काढलंय.

इटलीला निघताना तुम्ही दोघांनी एकेक काम सांगितलं होतं. आई म्हणाली, "पोरांच्या पोटाला नीट मिळेल का ते बघ." बाबांनी चार वेळा बजावलं, "फ्लोरेन्सला चाललीस तर आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या छत्रीला जाऊन ये." दोन्ही कामं झाली. आईचं जरा सोपं होतं.

रोममध्ये चार दिवस होतो. कलोसियमबद्दल फार लिहीत नाही. तुम्ही ते टीव्हीवर माझ्यापेक्षा नीट बघितलंय. आमचा अर्धा वेळ रांगेत गेला आणि अर्धा सावली शोधण्यात. पण बाबा, पँथिऑन नावाच्या जुन्या रोमन देवळात शिरले आणि वाटलं, इथं पाटबंधारे खात्याचा माणूस हवा होता. काँक्रीटचा घुमट, आत एक सळई नाही, आणि एकोणीसशे वर्षं झाली तरी उभा. व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही बरोबर तेवढीच. खाली जड दगडाची खडी वापरली, वर जाईल तशी हलकी केली, आणि माथ्याजवळ तर ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड घातला. विजापूरच्या सहलीत गोलघुमटाखाली उभं करून तुम्ही आम्हाला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं आणि दादा रडला होता, आठवतं? तो गोलघुमट ह्याच्यापुढं दीड हजार वर्षांनी धाकटा.

माथ्याला आठ-नऊ मीटरचं उघडं भोक आहे. आम्ही आत असतानाच पावसाची सर आली आणि पाणी सरळ फरशीवर. सगळे माना वर करून फोटो काढत होते, मी खाली बघत होते. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे, आणि संगमरवरात बारकी भोकं आहेत, पाणी तिथून निघून जातं. "उतार किती दिलाय गं?" हा तुमचा प्रश्न मला तिथं ऐकू आला. मोजता आलं नाही, माफी असावी.

तिथून जवळच त्रेवीचं कारंजं. लोक कारंज्याकडे पाठ करून नाणी टाकतात. पोरांनीही टाकली, समीरनं युरोचं रुपयांत काय होतं ते मोठ्यानं सांगितलं. मला मात्र पाण्याचं नवल वाटलं. इसवी सनापूर्वी १९ मध्ये आग्रिप्पा नावाच्या रोमन सेनापतीनं जो पाट शहरात आणला, त्याचंच पाणी ह्या कारंज्याला येतं. आणि रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, दिवसरात्र वाहणारे. तिथले लोक त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारक्या भोकातून पाण्याची चूळ उडते आणि ती तोंडात झेलायची. ओमनं निम्मा रोम असाच भिजवला.

आता आईसाठी. फ्लोरेन्सच्या पावात मीठ नसतं! पहिल्या घासाला मला वाटलं बेकरीवाला विसरला. मग कळलं, तिथली पद्धतच तशी. सोबतचं चीज, ऑलिव्ह, सगळं खारट, मग पाव कशाला खारट करायचा? तो शिळा झाला की टाकत नाहीत. घेवड्याच्या बिया, काळपट पानांचा कोबी, गाजर, कांदा ह्यांच्या सुपात कुस्करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. नाव रिबोलिता, म्हणजेच 'पुन्हा उकळलेलं'. हॉटेलात ते चांगल्या पैशाला विकतात. तू रात्रीच्या भाकरीचा कुस्करा करून आम्हाला घालायचीस तेव्हा आम्ही नाकं मुरडायचो, ते मी ईराला सांगितलं. तिनं दोन वाट्या खाल्ल्या.

जेवणाच्या बिलात माणशी दोन-अडीच युरो 'कोपेर्तो' लावतात, टेबलाचे आणि पावाचे. समीर प्रत्येक वेळी नव्यानं चिडायचा.

बाबा, आता तुमचं काम. आमची उफीझी ह्या चित्रसंग्रहालयाची तिकिटं सकाळी साडेदहाची होती. मी म्हटलं, आठला निघू, छत्री बघून परत येऊ. नकाशावर अंतर बोटभर दिसत होतं. ट्राम बागेच्या तोंडाशी सोडते आणि छत्री आहे बागेच्या पार शेवटाला. साडेतीन किलोमीटर लांब बाग! एका बाजूला आर्नो नदी, झाडीतून सरळ रस्ता, धावणारे लोक, कुत्री, आणि मागून "अजून किती" म्हणणारी दोन पोरं. बागेचं नाव 'काशिने'. फलकावर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. उच्चार अगदी आपल्या काशीसारखा. अर्थ मात्र गोठे. पूर्वी मेदिची घराण्याची गुरं इथं असायची.

टोकाला मुन्योने नावाची बारकी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर छत्री. खांब, वर घुमट, आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा, रंगीत. डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने, कोवळा चेहरा. ओम म्हणाला, "हे तर आपल्याकडचे वाटतात." आपल्याकडचेच की.

मी राजाराम कॉलेजच्या दारावरून हजारदा गेले असेन, तुम्ही तर तिथं शिकलात, पण हे कोणते राजाराम, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आपल्या शाहू महाराजांच्याही आधीचे, कोल्हापूरच्याच गादीवरचे. १८७० मध्ये इंग्लंडला गेले, तिथली रोजनिशी इंग्रजीत लिहिली, आणि परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला वारले. वीस वर्षांचा पोरगा, आई. तेव्हा फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती आणि तिथं दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढावी लागली. सोबतच्या मंडळींनी शहराबाहेर नद्यांचा संगम शोधला आणि तिथं चिता रचली. परक्या मुलखात, थंडीत, ना भाषा कळतेय ना माणसं ओळखीची, आणि तरी त्यांनी संगम शोधला. मी तिथं उभी राहून आपल्याकडच्या संगमाचा, प्रयाग चिखलीचा, विचार करत होते.

छत्री १८७४ ची. पुतळा फुलर नावाच्या इंग्रजानं केला आणि आराखडा मेजर मँटचा. मँट म्हटल्यावर मी चमकले, कारण नवा राजवाडा त्याचाच, टाउन हॉलही त्याचाच. म्हणजे लहानपणी तुम्ही मला ज्या टाउन हॉलच्या संग्रहालयात न्यायचात, तो काढणारा हात आणि हा हात एकच. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही ह्या छत्रीवरून पडलंय, 'पोन्ते आल्लिंदियानो', हिंदी माणसाजवळचा पूल. तिथं राहणाऱ्यांना 'इंदियानो' म्हणजे बहुतेक एक पत्ता वाटत असावा.

फुलं न्यायची राहिली होती. ईरानं गवतातली पांढरी रानफुलं तोडली आणि कठड्याशी ठेवली. उफीझी हुकलंच. समीरनं ते चार दिवस ऐकवलं, पण छत्रीचे फोटो सगळ्यात जास्त त्यानंच काढलेत. सोबत पाठवतेय.

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा, घुमट मात्र चढलो, ४६३ पायऱ्या. १४२० ते १४३६ अशी सोळा वर्षं लागली, आणि खालून लाकडी आधाराचा साचा न लावता विटा रचत नेल्या. कसं केलं ते आल्यावर तुम्हीच समजावून सांगा, मला धाप लागल्यानं काही कळलं नाही.

मग बोलोन्या. मला सगळ्यात आवडलेलं गाव हेच. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कमानींचे सोपे, पावसातही छत्री लागत नाही. आई, तिथल्या बायका लांबलचक लाटण्यानं एवढी पातळ पोळी लाटतात की खालचं लाकूड दिसावं. तिचे चौकोन कापून आत रिकोटा चीज आणि पालक भरतात, तिरकी घडी घालून बोटाभोवती टोकं दाबतात. वर लोणी आणि सेजची पानं. मुरड तुझ्या करंजीइतकी सुबक नाही, पण हात भराभर चालतात. ओमनं त्यावर तू दिलेली कांदा-लसूण चटणी घातली. वाढणारी बाई थबकली, वास घेतला, चिमूटभर मागून चाखली, आणि पाणी प्यायला गेली.

चौकात रोमन समुद्रदेव नेपच्यूनचा भलामोठा पुतळा आहे, हातात त्रिशूळ. ईराला सांगितलं, ह्याचाच ग्रीक अवतार पोसायडन. त्याची ओंजळीत मावेल एवढी काशाची मूर्ती आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडली, पंचगंगेच्या काठी, रोमच्या व्यापाराच्या काळातली. तिचा विश्वास बसला नाही. "आजोबांना विचार," म्हटलं. तर बाबा, जमेल तेव्हा टाउन हॉलात जा आणि मूर्तीजवळ तुमचा एक फोटो काढून पाठवा. रिक्षानं जा, चालत नको.

आणि गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते आईनं लिहावं. तुम्ही लिहिलंत तर "बरं आहे" एवढंच येईल.

तुमची,
मनू