बायोचार कुठल्या मातीत, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला बायोचारवरचा, म्हणजे काडीकचरा कमी हवेत जाळून केलेल्या आणि मातीत घालायच्या कोळशावरचा, लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून हे लिहिते आहे. कोळशाने जमीन सुधारते, हे खरं आहे. पण 'कोणत्याही जमिनीत, कोणत्याही पिकाला' आणि 'पोतं फोडा, शेतात पसरा' ही दोन वाक्यं आपण छापायला नको होती. तुमचा पेपर आमच्या गावात पोचतो आणि त्यात आलेलं लोक खरं मानतात.

मी कळव्याला राहते, माहेर मुरबाड तालुक्यात. गेल्या वर्षी दादाने एका कृषी प्रदर्शनातून बायोचारच्या पिशव्या आणल्या. पंचवीस किलोची पिशवी साडेसातशे रुपयांना. विकणाऱ्याने तुमच्या लेखासारखंच सांगितलं, थेट मातीत मिसळा. दादाने रोपवाटिकेत मिसळलं, वर भात पेरलं. रोप उगवलं, वीतभर झालं आणि पिवळं पडत गेलं. शेजारच्या खाचरांत लावणी सुरू झाली तरी आमचं रोप उपटण्याजोगं नव्हतं. शेवटी वहिनी चार घरं फिरून उरलंसुरलं रोप मागून आली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, पाऊस जास्त झाला असेल. मुरबाडला पाऊस जास्त झाला म्हणे! आमच्याकडे जून ते सप्टेंबर काय पडतं, हे त्याला माल विकायला येण्याआधी ठाऊक हवं होतं.

पिवळं पडण्याचं कारण अवघड नाही. ताजा, कोरडा कोळसा मातीतलं नत्र आधी स्वतःकडे ओढून धरतो. कोळशात सहज कुजणारा जो थोडा अंश असतो त्यावर जिवाणू वाढतात, तेही नत्रच खातात. रोपाच्या वाट्याला उरत नाही. म्हणून कोळसा आधी शेणकाल्यात आणि गोमूत्रात भिजवायचा किंवा शेणखताच्या खड्ड्यात काही आठवडे मुरवायचा आणि मगच शेतात न्यायचा. मुरवलेला कोळसा तेच नत्र धरून ठेवतो आणि पुढे पिकाला देतो. सगळा फरक या एका पायरीचा आहे आणि पाऊण पानाच्या लेखात तिच्यासाठी एक ओळ नाही.

दुसरी गोष्ट मातीची. बायोचार बहुतेक वेळा अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) आठ ते दहाच्या घरात जातो. आमच्या वरकस, म्हणजे खाचराबाहेरच्या उताराच्या, जमिनीचा सामू माती तपासणीत साडेपाच आला होता. अशा तांबड्या, आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात आणि पोटॅश पावसाबरोबर वाहून जातो. तिथे कोळसा चुन्यासारखं काम करतो आणि अन्नद्रव्यं धरूनही ठेवतो. त्यातही खाचरात पाणी साचलं की आम्लता आपोआप कमी होते, म्हणून खरा उपयोग वरकसावरच्या नाचणी-वरीला, भाजीला आणि रोपवाटिकेला. पण लेखात फोटो होता मराठवाड्यातल्या काळ्या रानाचा. ती जमीन चुनखडीची, सामू आधीच आठच्या आसपास. तिथे आणखी अल्कधर्मी राख-कोळसा टाकून आम्लता कसली कमी करणार? उलट जस्त आणि लोह पिकाला मिळणं आणखी कठीण व्हायचं. ॲमेझॉनच्या जंगलातल्या, जुन्या वस्त्यांमुळे सुपीक झालेल्या काळ्या मातीचा दाखलाही लेखात अर्धाच दिला आहे. त्या मातीत नुसता कोळसा नाही. हाडं, खापरं, माशांचे अवशेष, मैला, खरकटं असं शेकडो वर्षं साठत गेलं, तेव्हा ती तशी झाली.

आता खर्च. प्रयोगांमध्ये साधारणपणे हेक्टरी पाच ते वीस टन बायोचार वापरतात. मधला दहा टनांचा आकडा धरला तर एकरी चार टन. दादाने दिलेल्या भावाने ते एक लाख वीस हजार रुपये होतात. भाताच्या एकरातून एवढं उत्पन्न कुणाच्या हाती येतं, ते लेखकाने सांगावं. रासायनिक खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश किती टक्के ते छापलेलं असतं. आमच्या पिशवीवर कोळसा कशाचा, राख किती, सामू किती, यातलं काही नव्हतं. होतं फक्त हिरवं पान आणि पृथ्वीचं चित्र. कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे कार्बन मातीत साठवल्याबद्दल मिळणाऱ्या, पैशांचं आमिषही लेखात आहे. ते पैसे मिळवायला मोजमाप, नोंदी, तपासणी लागते. बांधावर एक खड्डा पेटवणाऱ्या माणसापर्यंत ते कसे पोचणार, तेही लिहायचं होतं.

खरं तर आमच्या भागात विकतच्या पिशवीची गरजच नाही. ठाणे-रायगडात पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतात. झाडांच्या फांद्या तोडायच्या, भाताचं रोप करायच्या जागेवर त्या, पाला, गवत, शेण एकावर एक रचायचं आणि पेटवायचं. उन्हात ते भारे डोक्यावरून वाहते माझी वहिनी, धूर खाते तीच, आणि हाती येते बहुतांश राख, जिच्यातला पोटॅश पहिल्या जोरदार पावसात निघून जातो. याच काटक्या आणि गिरणीतला तूस शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात थोडा थोडा टाकत जाळला, वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकला आणि शेवटी पाण्याने विझवला, तर कोळसा उरतो. खड्ड्यात नीट ज्वाळ असली की धूरही बराच कमी होतो. एकराच्या लावणीला रोपवाटिका लागते चार गुंठे. त्याच दहा टनांच्या हिशेबाने चार गुंठ्यांना चारशे किलो कोळसा पुरतो आणि तो दीड-दोन टन सुक्या काडीकचऱ्यातून निघतो. राबाने तणाचं बी भाजून जातं, ते काम हा कोळसा करणार नाही, बेणणी वाढेल. पण टाकलेला कोळसा वर्षानुवर्षं मातीत राहील, म्हणून दरवर्षी तेवढ्या फांद्या लागणार नाहीत आणि झाडं कमी तुटतील. हे लिहायला हवं होतं.

जाता जाता शहराचंही सांगते. दर मे महिन्यात आमच्या रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या ठेकेदाराची माणसं छाटतात आणि ढीग तिथेच सोडून जातात. ते वाळतात, मग कोणीतरी रात्री काडी लावतं. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 सालीच पाच हजार रुपये दंड ठरवला आहे, पण आमच्या रस्त्यावर तो कुणाला झाल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या मजल्यावरच्या दम्याच्या आजी खिडक्या लावून बसतात. ही सुकी फांदी शहराबाहेर भट्टीत जाळून कोळसा केला आणि शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांना दिला, तर दोन्हीकडचा त्रास वाचेल. ओला कचरा मात्र यात घालू नये. बायोचारला सुकंच लागतं.

आपल्याला विनंती एवढीच, की दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्रातल्या मातीच्या जाणकाराला विचारून कोकणासाठी वेगळा लेख छापावा. आणि तो शिमग्याआधी छापावा. नंतर आमच्याकडे राब भाजायला सुरुवात होते आणि प्रदर्शनातले विक्रेतेही त्याच सुमारास फिरतात.

आपली नियमित वाचक,
कळवा, ठाणे