जुन्या पोस्टातून

बॉन, मंगळवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई, तू रडतेस; आणि बाबा, तुम्ही "आवाज तुटतोय" म्हणून फोन तिच्याकडे देता. म्हणून कागदावर लिहितेय.

आधी मुद्द्याचं. काकांनी सांगितलेली कॉलेजातली जागा मी घेणार नाहीये. कायमची नोकरी, घरापासून अर्ध्या तासावर, आणि काकांनी माझ्यासाठी शब्द टाकलेला. नाही म्हणणं मलाही जड गेलं. त्यांना मी वेगळं लिहीन, तुम्ही मध्ये पडू नका.

आणि आई, मी 'जर्मनीत प्रोफेसर' नाही गं. हळदीकुंकवाला तू तसं सांगतेस, मावशीने चुगली केली आहे. मी पोस्टडॉक आहे. पीएचडी झालेली, पक्की नोकरी लागायची, त्या मधल्या वर्षांसाठीची ही फेलोशिप. माझी दोन वर्षांची, पुढच्या सप्टेंबरात संपते. मग दुसरीकडे अर्ज. या मॅक्स प्लांक गणित संस्थेत कायमची माणसं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळे येणारे-जाणारे. कोणी महिनाभर, कोणी वर्ष, कोणी दोन. हिर्झेब्रुख नावाच्या गणितज्ञांनी १९८० साली संस्था काढली, ती जगभरच्या लोकांनी इथे येऊन काम करावं म्हणूनच. त्यामुळे मला कुणी काढून टाकणार नाहीये. मुदत संपणार आहे. एवढं शेजारच्या काकूंनाही समजावून सांग.

बाबा, तुम्ही विचारलंत, "शिकवायचं नाही, पेपर तपासायचे नाहीत, मग पगार कशाचा?" खरं सांगू, पहिले दोन महिने मलाही हाच प्रश्न पडला होता. सकाळी फळ्यासमोर उभं राहायचं, दुपारपर्यंत लिहिलेलं पुसायचं. चार वाजता सगळे चहाला जमतात, आणि खरं काम बरेचदा तिथेच होतं. गेल्या आठवड्यात मी चार महिने कवटाळून बसलेली एक युक्ती तिथे सांगितली. समोरच्याने बिस्किट खाता खाता एक उदाहरण दिलं, आणि युक्ती संपली. खोलीत जाऊन आधी रडले. मग त्याच उदाहरणावर रात्री एक वाजेपर्यंत बसले, कारण ते फारच सुंदर होतं.

पत्राचीच एक गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. जानेवारी १९२० मध्ये रामानुजननी मद्रासहून केंब्रिजला गणितज्ञ हार्डींना शेवटचं पत्र पाठवलं. 'मॉक थीटा फंक्शन्स' नावाची एक नवीच जात गणितात सापडली आहे म्हणून कळवलं, सतरा उदाहरणं दिली, पण नेमकी व्याख्या काही दिली नाही. एप्रिलमध्ये ते गेले. ती उदाहरणं नक्की कशाची, हे झ्वेगर्स या डच विद्यार्थ्याच्या प्रबंधात उलगडलं, २००२ साली. त्याचे मार्गदर्शक डॉन झागिये तेव्हा आमच्याच संस्थेचे एक संचालक होते. मधे ब्याऐंशी वर्षं गेली, आणि तोवर कितीतरी जण त्यावर डोकं घालून बसले होते. नोकरीत असताना आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपालाच्या, डब्यात अर्धवट पत्त्याचं पाकीट आलं की तुम्ही ते बाजूला काढून पहाटेपर्यंत उलटसुलट करून बघायचात, ते मला आठवतंय. या फंक्शन्सच्याच एका लांबच्या शेपटावर मी काम करतेय. कॉलेजातले तास, परीक्षा, नॅकच्या तपासणीच्या फायली यातून ते होणार नाही. करणारे लोक आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. माझ्याच्याने होणार नाही.

या हिवाळ्यात अर्ज करतेय. संशोधनाचा आराखडा आणि शिफारसपत्रं लागतात. ती पत्रं माझ्याबद्दल, आणि ती मलाच वाचता येत नाहीत! मग फेब्रुवारीपर्यंत जीव टांगणीला. बाहेरच्या एक-दोन जागा आहेत, पण मुंबईचं टीआयएफआर, चेन्नईची गणितसंस्था आणि पुण्याचं आयसर इथेही करणार आहे. आई, पुणे वाचून लगेच फ्लॅट बघायला लागू नकोस. एकेका जागेला किती अर्ज येतात ते मी तुला मुद्दामच सांगत नाही. वयाचं गणित मलाही येतं, म्हणून तेही फोनवर काढू नकोस.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ढकलू नका. तारीख घ्या आणि कळवा, मी त्या बेताने तिकीट काढते. आई, परतताना नेण्यासाठी मेतकूट करून ठेव, मागचं संपलं.

आणि एक सांगायचं राहिलंच. संस्थेची ही इमारत म्हणजे बॉनचं जुनं मुख्य पोस्ट! दाराबाहेरच्या चौकात बीथोवनचा पुतळा आहे, १८४५ पासूनचा. तुमची मुलगी शेवटी पोस्टातच लागली म्हणायची. उत्तर कागदावरच पाठवा, पत्ता पाकिटामागे आहे. इथल्या पिनमध्ये पाचच आकडे असतात. सहावा मी लिहायला विसरले असं समजून पाकीट बाजूला ठेवू नका.

तुमची,
मनी